वाकड्या टोकाचं दगडफूल

एर्मिला आर्से रस्त्याने पुढे गेली की मागे क्लोरीनचा वास रेंगाळायचा. सान रोमुआल्दो गावच्या मच्छीमार सोसायटीची एक लांबट शेड आहे, तिथे शिंपल्या आणि शेवंडी डब्यांत भरतात. त्या शेडची फरशी, टेबलं, टोपल्या, सुऱ्या हे सगळं रोज धुवायचं काम एर्मिलाचं, आणि ऐन विशीपासून ती ते करत आलेली. घरी आल्यावरही तिचा हात बाटलीकडेच जायचा. टँकरचं पाणी आलं, टाक थेंब. कोथिंबीर आली, बुडव. शेजारची चायो म्हणायची, "ही बया स्वर्गात गेली तर आधी दाराची कडी पुसेल, मग आत जाईल." यात हसण्यासारखं काय आहे ते एर्मिलाला कळायचं नाही. कडी पुसायला नको का?

तिचं लग्न झालं नाही. त्यामागे काही मोठी कहाणी आहे असं समजू नका. गावात मुलगे थोडे, त्यातले अर्धे वर एन्सेनादा शहरात कामाला गेलेले, आणि ही जरा जास्तच गप्प. आई होती तोवर तिने आईचं केलं, आई गेल्यावर धाकट्या भावाचं, तावोचं करायला लागली. तावोची बायको बहिणीकडे चार दिवस जाऊन येते म्हणाली आणि तिकडचीच झाली. तेव्हापासून बहीणभाऊ एका छपराखाली राहत. तो सोसायटीचा पाणबुड्या. समुद्राच्या तळाशी खडकाला घट्ट बसलेल्या शिंपल्या पहारीने सोडवायच्या आणि वर यायचं, हा त्याचा धंदा. बोलायला मिठ्ठास, कामाला वाघ, आणि घरी मात्र स्वतःचा मोजा कुठे आहे हेही बहिणीला विचारणारा.

गावाने एर्मिलाला मान दिला तो तिच्या नाताळच्या देखाव्यामुळे. देखावे घरोघर असत. मातीची मेंढरं, मेंढपाळ, गोठा, आणि चोवीस तारखेपर्यंत रिकामी ठेवलेली गव्हाण. पण इतरांच्या घरी डोंगर म्हणजे हिरव्या रंगात बुडवलेला लाकडाचा भुसा किंवा चुरगळलेला कागद. आर्सेंच्या घरी खरा डोंगर असे. करडी, बारीक फांद्या फुटलेली, बोटभर उंचीची झुडपं, शेकड्याने, एकाला एक टेकून लावलेली. लांबून पाहिलं तर धुक्यात बुडालेलं रान वाटे. ते दगडफूल होतं. खडकावर उगवतं, त्याला मूळ नाही, पान नाही, माती नको. आमच्या किनाऱ्यावर पाऊस वर्षानुवर्षं येत नाही, पण धुकं न चुकता येतं, आणि तेवढ्यावर त्याचं भागतं.

ते दगडफूल एका नवसाचं होतं. तावो सतरा वर्षांचा असताना मामाची बोट घेऊन एकटाच पिंजरे उचलायला गेला, आणि अर्ध्या वाटेवर धुक्याने त्याला गिळलं. इंजिन बंद पडलं. दिवस गेला, रात्र गेली. डिसेंबरच होता. आई रिकाम्या गव्हाणीपुढे गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "पोरगा परत दे. ज्या जागी देशील तिथे जे उगवत असेल त्याचा डोंगर दरवर्षी तुझ्यासाठी करीन. ताजा करीन, शिळा नाही." दक्षिणेकडच्या एखाद्या आंबराईत देवाने त्याला सोडला असता तर काम सोपं झालं असतं. पण समुद्र आंबराईत सोडत नाही. तावो सापडला वाकड्या टोकावर. गावापासून बोटीने तासाभराच्या अंतरावर एक काळा सुळका पाण्यात घुसलाय, त्याच्या कपारीत. बोटीच्या फळ्या झालेल्या, अंग सोललेलं, आणि मुठीत गच्च धरलेला दगडफुलाचा झुपका. तावो पुढे सांगायचा, "हाताला दुसरं काही लागलंच नाही. सापडली असती तर बाटली धरली असती." आईला हे ऐकवत नसे.

त्यानंतर दर डिसेंबरात आई वाकड्या टोकावर जाई. पहिल्याच वर्षी त्या झुडपांतून एक विंचू निघाला आणि पाळणा गाताना चायोच्या आईला चावला. दुसऱ्या वर्षापासून आईने सगळं दगडफूल घमेल्यात क्लोरीनच्या पाण्यातून काढायला सुरुवात केली. तिची लेकच शेडमधून बाटल्या आणत असे, तोटा नव्हता. घमेल्यातलं पाणी बघता बघता लाल व्हायचं, मग पिवळट, मग काहीच नाही. आई म्हणायची, "दगडाचा रंग उतरतोय." आणि घमेलं दाराबाहेर ओतायची. आई गेल्यावर एर्मिलाही तसंच करू लागली. त्या लाल पाण्याचा तिने कधी विचार केला नाही. तांदूळ धुतल्यावर पाणी पांढरं होतं, त्याचा तरी कोण करतं?

त्या जानेवारीत इलिआना आली. ला पास शहरातली, तिशीच्या आतली, पाठीवर सॅक, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. किनाऱ्यावरच्या दगडफुलांची पाहणी करायला तिला पाठवलं होतं. गावात लॉज नाही, म्हणून आर्सेंची पुढची खोली तिने घेतली. तिला वाकड्या टोकावर जायचं होतं, पण उत्तरेचा वारा सुटलेला, लाटा घराएवढ्या. तावो म्हणाला, "ताई, या पोरीला सांग, टोकावर आज गेलो तर उद्या मासेच आपली पाहणी करतील."

इलिआना खोलीतून स्वयंपाकघरात येताना देखाव्यापुढे थबकली. देखावा दोन फेब्रुवारीपर्यंत ठेवायचा असतो, तो जागेवरच होता. तिने भिंग डोळ्याला लावलं आणि मेंढरांच्या मध्ये नाक खुपसलं.

"मावशी, हे कुठून आणलंत?"

"टोकावरून. आधी खा. सूप गार होतंय."

शिंपल्यांचं सूप आणि गव्हाच्या रोट्या खाता खाता इलिआनाने सगळं सांगितलं. पोरगी बोलकी होती, आणि आपल्या विषयावर आली की घास हातातच राहायचा.

"असं आहे मावशी, या दगडफुलाच्या दोन जाती आहेत. जुळ्या बहिणीच म्हणा. फांद्या तशाच, रंग तसाच, भिंगातूनही मी फसते. एक आहे ती सगळ्या किनाऱ्यावर मिळते, पायदळी येते. दुसरी अगदी थोडी उरलीय. मागच्या काळात रंगासाठी जहाजं भरभरून नेली ना, ती ही. बोटभर वाढायला हिला आयुष्य लागतं."

"मग ओळखायची कशी?" तावोने विचारलं.

"क्लोरीनचा एक थेंब. साधा, घरातला. थेंब पडला की ही दुर्मीळ लाल होते. साधी आहे ती ढिम्म हलत नाही."

एर्मिला चुलीपाशी कॉफीचं भांडं धरून उभी होती. तिने ते परत चुलीवर ठेवलं.

"आणि लाल झाली तर?" तिने विचारलं.

"तर ती जागा बंद होणार. मी लिहिलं की बंद. बोट लावायची नाही, हात लावायचा नाही. कोणीच."

"देवासाठीसुद्धा?"

इलिआना हसली. "देवाचा अर्ज माझ्याकडे अजून आलेला नाही, मावशी."

तावो मोठ्याने हसला. एर्मिला हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे घमेलं होतं.

टोकावर जाता येत नव्हतं, तेव्हा देखाव्यातलंच एक झुडूप तपासायचं ठरलं. इलिआनाने चिमट्याने ते उचललं आणि सहज विचारलं, "हे आणलं तसंच आहे ना? धुतलंबितलं नाही?"

"कशाला धुवायचं?" एर्मिला म्हणाली. "झटकलं फक्त."

तावोने मान वर करून बहिणीकडे पाहिलं. ज्या बाईने उभ्या जन्मात अंडंसुद्धा न धुता फोडलं नव्हतं, ती हे म्हणत होती. पण त्याचं तोंड रोटीने भरलं होतं, आणि गिळून होईपर्यंत बोलायची वेळ निघून गेली.

इलिआनाने फांदी कापली, आतला पांढरा गाभा उघडा केला, थेंब सोडला. वाट पाहिली. दुसरी फांदी, पुन्हा थेंब. फांदी ओली झाली, एवढंच.

"साधीच आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "मला उगाच वाटलं होतं."

एर्मिलाने कॉफी ओतली. खोटं बोलल्याचं तिला वाईट वाटलं का, असं कोणी विचारलं असतं तर त्या वेळी तरी वाटलं नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं. नवस शाबूत होता, म्हणजे तावो शाबूत होता. धुक्यात बोटी गेल्या की गावातल्या बायका किनाऱ्याकडे कान लावून बसत. एर्मिला घरी येऊन पाय पसरून झोपत असे. आईच्या नवसाने तिला ही झोप दिली होती, आणि ती कोणा परक्या पोरीला द्यायची तिची तयारी नव्हती.

पण बातमीला पाय लागले. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये चायो शेवंडीची डोकी पिरगळता पिरगळता म्हणाली, "ऐकलंस का? तुझ्या त्या बाईने सांगितलंय म्हणे, टोकावरचं दगडफूल साधंच. कितीही काढा."

"कितीही असं नाही म्हणाली."

"तेच ते. तू इतकी वर्षं एकटी गपचूप मिरवलंस. आता आम्हीही करणार डोंगर. देवळातलाही मोठा करायचा ठरलाय. वारा पडला की दोन बोटी जातील, पोती घेऊन. पाद्रीबाबा खूष!"

"सगळ्यांनी कशाला?" एर्मिलाच्या तोंडून निघून गेलं.

"का? बाळ काय तुमच्याच घरी जन्मतं?"

सगळी शेड हसली. एर्मिलाने पाण्याची नळी सुरू केली आणि फरशीवर सोडली. फरशी स्वच्छच होती.

वारा पडला त्या सकाळी ती तावोला म्हणाली, "मला टोकावर सोड. पोती जायच्या आधी."

"आत्ता? देखावा तर झालाय."

"सोड म्हटलं ना."

तिने दर डिसेंबरात टोक पाहिलं होतं, पण हातात टोपली असताना. टोपली असली की नजर फक्त जे काढायचं त्याच्यावर असते. आज हात रिकामे होते. सुळक्याची समुद्राकडची बाजू, आई जिथे उभ्या उभ्या टोपली भरायची, ती काळीभोर होती. नुसता खडक. त्याच्या वरची पायरीही तशीच, तिथे एर्मिलाने स्वतः हात चालवला होता. गेल्या काही वर्षांत दगडफुलासाठी तिला उंच चढावं लागत होतं, आणि तिने त्याचं खापर गुडघ्यांवर फोडलं होतं. राहिली होती ती सावलीतल्या कपारींतली थोडी झुडपं, आणि मधूनमधून नखाएवढे कोंब. आईने पहिल्या वर्षी जिथून काढलं होतं त्या जागीही नखाएवढेच. म्हणजे तावोच्या सतराव्या वर्षापासून आतापर्यंत त्यांची एवढीच वाढ.

"हे मी केलंय," ती मोठ्याने म्हणाली.

तावो खाली बोट सांभाळत होता. "काय म्हणालीस?"

"काही नाही. थांब, आले."

कपारीतलं एक झुडूप तिने काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकच. ते रुमालात गुंडाळलं. परतताना तावोने न राहवून विचारलं, "त्या दिवशी धुतलं नाही असं का सांगितलंस गं?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी? मला काय दगडफूल खायचंय?"

"आईचा नवस आहे. मोडला आणि तुला काही झालं तर?"

तावोने सुकाणू थोडं वळवलं. मग म्हणाला, "इतकी वर्षं झाली, ताई. समुद्र विसरलाही असेल."

"समुद्र विसरला असेल. मी कुठे विसरलेय?"

इलिआना सॅक भरत होती. एर्मिलाने टेबलावर रुमाल उलगडला आणि म्हणाली, "हे न धुतलेलं आहे. ते धुतलेलं होतं. क्लोरीनमध्ये."

इलिआनाने तिच्याकडे पाहिलं, मग रुमालाकडे. तिने बाटली काढली, थेंब सोडला. फांदी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल झाली. क्षणभरच. मग रंग विरून गेला.

"एकदा रंग निघाला की पुन्हा येत नाही," इलिआना हळूच म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं, मावशी?"

"तू लाल म्हणालीस तेव्हा कळलं. घमेलं दरवर्षी लाल व्हायचं."

"आणि तरी मला नाही म्हणालात."

"हो. खोटं बोलले."

इलिआना रागावली होती, ते दिसत होतं. ती दारापर्यंत गेली, परत आली. "मी निघून गेले असते तर? ती पोती..."

"म्हणून तर सांगतेय. आणि पोत्यांचं जाऊ दे, माझ्या टोपलीनेच अर्धं टोक बोडकं झालंय. चल, दाखवते. तावो सोडेल. आज लाटा नाहीत."

तो दोघींना घेऊन गेला. इलिआना दुपारभर खडकावर ओणवी होती. पोत्यांच्या बोटी निघायच्या आतच सोसायटीच्या भोंग्यावरून सांगण्यात आलं, की वाकडं टोक बंद. चायो आठवडाभर एर्मिलाशी बोलली नाही. मग मीठ मागायला आली आणि बोलली.

दोन फेब्रुवारीला देखावा उतरवायचा. गावात सणाच्या तमालेंच्या, मक्याच्या पानात उकडलेल्या पिठाच्या, वाफा सुटल्या होत्या. तावो म्हणाला, "हाच डोंगर पेटीत ठेव ना. वाळकं दगडफूल काही कुजत नाही. पुढच्या वर्षी हेच लाव."

"शिळं कोण देवाला देतं?"

"देवाला काय कळतंय?"

"मला कळतं ना," ती म्हणाली, आणि दरवर्षीसारखं सगळं समुद्रात सोडून आली.

पुढच्या डिसेंबरात आर्सेंच्या घरी गोठा होता, मेंढरं होती, आणि मागे उघडे तपकिरी दगड. चायो बघायला आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "यंदा बाळ दगडफोड्याच्या घरी जन्मणार वाटतं." मग एर्मिलाचा चेहरा पाहून तिने एक मेंढरू उगाचच थोडं पुढे सरकवलं.

नाताळच्या आधीच धुकं उतरलं. असं दाट, की शेडच्या दारातून वाळू दिसेना. बोटी पहाटेच गेल्या होत्या. काम संपलं, बायका घरी गेल्या. एर्मिलाने नळी गुंडाळली, बूट न काढताच ती खाली किनाऱ्यावर गेली आणि पाण्याजवळ उभी राहिली. एकेक बोट आवाजाने आधी आली, मग आकाराने. उतरणाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "काय एर्मिला, वाळू धुवायला आलीस का?" एकजण म्हणाला. तावोची बोट त्यांत नव्हती. "तो मागे आहे, पलीकडच्या खडकावर होता. येईल." सगळे वर निघून गेले. तिचे केस, पापण्या, एप्रन, सगळं ओलं झालं. हात गार पडले. ती तशीच उभी राहिली. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती टाकायला आता कुठेही जागा नव्हती.

खूप वेळाने इंजिनाची घरघर आली. बोट वाळूला लागली, आणि तावो उडी मारून उतरला तो बहिणीला पाहून दचकला.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग इथे काय करतेस?"

"मला भीती वाटते," एर्मिला म्हणाली. "म्हणून उभी आहे."

तावोकडे कोणत्याही वेळी एखादा विनोद तयार असे. आज त्याने नुसतं ओल्या बाहीने नाक पुसलं. मग दोराचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि दोघांनी मिळून बोट वर ओढली.

"उद्या स्वेटर घालून ये," तो म्हणाला. "इथे गारठा असतो."